माळावरचा रियाज

आमचे घरमालक गोल्फ खेळत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण सेलूत आजही कुणी कुणी 'ते गोल्फ खेळणारे मामा' असा त्यांचा उल्लेख करतं. ऐकायला मामा असते तर त्यांनी हात वर करून बोलणाऱ्याला तिथंच थांबवलं असतं. "खेळत न्हाई. रियाज करतो." हा फरक त्यांना फार महत्त्वाचा वाटे. उभ्या जन्मात ते एकही सामना खेळले नव्हते. त्या खेळात चेंडू शेवटी एका भोकात घालायचा असतो म्हणे. मामांनी तसलं भोक जवळून पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्याचं असं झालं, की मामा तरुणपणी हैदराबादेत रुईच्या एका कंपनीत कारकून म्हणून लागले आणि तिथूनच हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. कंपनीच्या साहेबाला धंद्याच्या गोष्टी पहाटे सुचत, आणि पहाटे साहेब गोल्फच्या मैदानावर असे. म्हणून मामांनाही कागदांची पिशवी घेऊन तिथं हजर राहावं लागे. मैदानाच्या कडेला सरावाची वेगळी जागा होती, तिला तिकडं ड्रायव्हिंग रेंज म्हणत. एका जागी उभं राहून समोर चेंडू मारायचे, बस. त्या जागेपुढं दोरी बांधलेली आणि दोरीच्या पलीकडं फक्त सभासदांनी जायचं. एकदा साहेबानं गंमत म्हणून मामांच्या हातात काठी दिली, आणि मामांनी मारलेला चेंडू दोरीवरून थेट पलीकडं गेला. "मला जायला परवानगी नव्हती, पण चेंडूला कोण अडवणार?" हे सांगताना त्यांचा चेहरा नवरदेवासारखा फुलून येई. साहेब देश सोडून गेला तेव्हा त्यानं दोन काठ्या आणि पोतंभर जुने चेंडू मामांना दिले. निवृत्तीनंतर मामा ते सगळं रेल्वेनं सेलूला घेऊन आले. मामी म्हणत, "लोकं हैदराबादहून मोती आनतेत, आमच्या घरी ह्ये आलं."

मी तेव्हा वालूर रस्त्यावरच्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते आणि सेलूत खोली शोधत होते. मामांच्या घरी दोन खोल्या रिकाम्या होत्या. भाडं, पाणी, पाहुणेरावळे यातलं मामांनी काही विचारलं नाही. "सकाळी लवकर उठता का बाई?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अंगणातून सपसप आवाज यायला लागला. दार उघडून बघते तर धोतर, स्वेटर आणि कानटोपी अशा थाटात मामा हवेत काठी फिरवत होते. चेंडू नव्हताच. "हे रिकामे हात," ते म्हणाले. "आधी अंगाला जाग यायला पायजे. झोपेतल्या माणसाला कुणी कामाला लावतं का?" मामांचे रिकामे हात चालू असताना मामी अंगणात वाळवण घालत नसत. एका उन्हाळ्यात घातलं होतं, आणि त्या वर्षी आमच्या घरच्या कुरडया शेजाऱ्यांच्या पत्र्यावर सापडल्या होत्या.

माळ गावाबाहेर, माझ्या शाळेच्या वाटेवरच होता. खालची काळी जमीन मामांनी बटईनं दिली होती, वरचा मुरमाड तुकडा मात्र स्वतःसाठी ठेवला होता. कापसाच्या गावात जमीन पडीक ठेवायची आणि तिच्यात चेंडू मारायचे, हे लोकांच्या पचनी पडणं अवघडच. चहाच्या हॉटेलात हमखास कुणीतरी विचारी, "मामा, औंदा चेंडूचा उतारा कसा हाय?" मामा गंभीरपणे सांगत, "पेरला तेवढा परत आला. देवाची किरपा."

गवत कापायला त्यांनी माणूस ठेवला नव्हता. मेंढ्या राखणारी गयाबाई रोज आपला कळप तिथं आणायची आणि मेंढ्या गवत इतकं बारीक खुडायच्या, की पडलेला चेंडू लांबून दिसे. अट एकच, रियाज चालू असताना कळप मामांच्या पाठीमागं पाहिजे. गयाबाईला अट मान्य होती, पण तिला एक कोडं काही सुटत नव्हतं. एकदा तिनं मला गाठलं. "बाई, मालक त्ये चेंडू लांब मारतेत आन् मंग सोताच आनायला जातेत. मारतेत कामून मंग?" मी मामांना विचारलं. "आणायला जाणं हाच अर्धा रियाज," मामा म्हणाले. "मारताना माणूस सोताला लय मोठा समजतो. आणायला गेल्यावर कळतं, कुठं पडला ते." मी हे गयाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "आमचं बी तसंच हाय. मेंढ्या मागं फिरून आनाव्या लागतेत."

रियाजाच्या बाबतीत मामा कर्मठ होते. घमेल्यातले सगळे चेंडू धडाधड मारून मोकळं होण्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "त्याला रियाज म्हणत न्हाईत, त्याला मळणी म्हणतात." एक चेंडू मारला की ते काठीवर रेलून, तो पडला तिकडं बघत राहत. हात कसा गेला, पाय कुठं होता, हे सगळं मनाशी परत एकदा करून बघत आणि मगच दुसरा चेंडू घेत. तो घेण्याआधी त्याचं ठिकाण ठरलेलं पाहिजे. ती बाभूळ, नाहीतर तो काळा दगड, नाहीतर पलीकडचं तरवडाचं झुडूप. "पत्ता न लिहिता पत्र टपालात टाकता का बाई?" ठिकाण दर वेळी बदलायचं, कारण एकीकडंच मारत राहिलं की हात शहाणा होण्याऐवजी आळशी होतो, असं त्यांचं म्हणणं. सुरुवात आखूड काठीनं आणि जवळून. आणि दमायच्या आत थांबायचं. एखादा चेंडू अगदी मनासारखा गेला, की घमेल्यात कितीही शिल्लक असोत, मामा काठी पुसून खांद्यावर टाकत. तोंड गोड आहे तोवरच ताटावरून उठावं, म्हणत.

मला हा सगळा आधी चक्रमपणाच वाटला. पण हळूहळू मी त्यातलं थोडं वर्गात वापरायला लागले. शुद्धलेखनाची पानंच्या पानं लिहून आणा म्हणायचं सोडून मी मुलांना एकच ओळ द्यायची, पण ती आधी बघायची, मग लिहायची आणि लिहिल्यावर परत बघायची. मुलांची अक्षरं सुधारली. कौतुकानं मामांना सांगितलं, तर त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. "आता त्यांचे रिकामे हात बी सुरू करा," म्हणाले.

ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा धुमसत होता. कधी मोर्चा, कधी बंद, कधी शाळेला अचानक सुट्टी. "नाव द्यावं आणि लेकरांना शिकू द्यावं, त्याला एवढी वर्षं लागतात का?" असं मामा हॉटेलात मोठ्यानं म्हणत, आणि त्या काळात मोठ्यानं म्हणायला छाती लागे. अशाच एका तंग दिवशी मामा देवगाव फाट्यावर एसटीतून उतरले. काठीचं तोंड सैल झालं होतं, ते दुरुस्त करून आणायला गेले होते. तिथं पोलिसांची गाडी उभी होती. लोखंडी तोंडाची काठी घेतलेला म्हातारा बघून एका शिपायानं हटकलं.

"हे काय आहे?"

"रियाजाचं सामान."

"कशाचा रियाज?"

एवढं विचारायचा अवकाश, मामांनी काठी त्याच्याच हातात दिली. "अशी आवळू नका. भाकरीच्या पिठासारखी धरा. लय दाबलं तर चिकटतंय, लय सोडलं तर फाटतंय." शिपायानं काठी घुमवली आणि काठीबरोबर तो स्वतःही घुमला. टोपी उडून रस्त्यापलीकडं गेली. गाडीतले बाकीचे शिपाई पोट धरून हसले, पानटपरीवाला हसला, आणि टोपी उचलून तो शिपाईही हसला. मी त्याच एसटीत होते. त्या दिवसांत फाट्यावर कुणी हसत नसे, म्हणून ते हसू माझ्या चांगलं लक्षात आहे.

आता एवढे सगळे कायदेकानून पाळून मामांचा चेंडू कसा जात असेल, असं कुणालाही वाटेल. आखूड काठीचा सरळ जायचा. लांब काठीचा डावीकडं जायचा. थोडाफार नाही, चांगला वळसा घेऊन जायचा. माळाच्या डाव्या अंगाला, गाडीवाटेच्या पलीकडं सोपानरावांचं कापसाचं रान होतं. सोपानराव अबोल माणूस, पण शब्दाचा पक्का. दर चार दिवसांनी ते धोतराच्या सोग्यात चेंडू घेऊन बांधावर येत.

"मामा, डावीकडं यायलेत."

"वारं हाय सोपान."

"आज तर पान बी हलंना."

"वरून हाय वारं. खाली लागत न्हाई."

सोपानराव आभाळाकडं बघत, चेंडू खाली ठेवत आणि निघून जात. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला, की त्यांच्यापैकी एखादा आजारी पडला असता तर मी त्याची जागा घेऊ शकले असते. मामांना बाकी काहीही म्हणा, हसून घेत. पण चेंडू डावीकडं जातो, हे ते मरेपर्यंत कबूल करणार नाहीत, असंच मला वाटे.

आणि मग एका नाताळच्या सुट्टीत सोपानरावांचा गडी सायकल मारत आमच्या दारात आला. त्याला धाप लागली होती. "मामा, आमची गाडी अडवली खरेदी केंद्रावर. कापसात तुमचे चेंडू निघाले."

मामा जेवत होते, ते तसेच उठले. काय झालं असणार हे आम्हाला लगेच कळलं. पांढऱ्या कापसाच्या रानात पांढरा चेंडू. दिवस मावळताना बायका भराभर वेचतात, झाडाखाली गळालेला कापूसही ओटीत घेतात. त्यात चेंडू गेला, ओटीतून ढिगात आणि ढिगातून गाडीत. पण केंद्रावर कोण ऐकणार? वजन वाढवायला कापसावर पाणी मारणारे, आत दगड घालणारे लोक होतेच. आणि सोपानराव आयुष्यात कधी त्या वाटेला गेले नव्हते, हीच त्यांची मिरास होती. आता भर यार्डात, गाड्यांच्या रांगेसमोर त्यांना चोर म्हटलं गेलं होतं.

"माझ्या रियाजापायी सोपान चोर ठरला, तर ह्या काठ्या विहिरीत टाकतो," मामा म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी लांब काठी घेतली आणि सवयीनं एक चेंडू खिशात टाकला. मामींनी मला खूण केली. "बाई, तुमी सोबत जा. ह्ये तिथं भाषन करत बसतील."

केंद्रावर सोपानराव आपल्या गाडीपाशी मान खाली घालून उभे होते. भोवती माणसांचा घोळका. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर तरुण होता आणि चिडलेला होता. तसा माणूस वाईट नव्हता. कापसात कठीण वस्तू गेली की सरकी काढताना जिनिंगच्या यंत्रात ठिणगी पडते, आणि कापसात ठिणगी पडली की काय होतं हे सेलूत सगळ्यांना ठाऊक आहे.

"शितावरून भाताची परीक्षा," तो मामांना म्हणाला. "वर दोन चेंडू निघाले, खाली काय काय असेल?"

मामांनी सगळं सांगितलं. माळ, रियाज, गाडीवाट, कापूस. ग्रेडरनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही काठीनं चेंडू मारता, तो गाडीवाट ओलांडून दुसऱ्याच्या रानात जातो, आणि एवढ्या वेचणाऱ्या बायकांपैकी एकीलाही दिसत नाही? आजोबा, हे मी वर काय म्हणून सांगू?"

"मारून दाखवतो," मामा म्हणाले.

घोळक्यात खसखस पिकली. ग्रेडरलाही हसू आलं असावं. यार्डाच्या टोकाला खरेदी झालेल्या कापसाची गंजी होती, दुमजली घराएवढी. तिच्या माथ्यावर ताडपत्री बांधायचा बांबू रोवलेला होता. "त्या बांबूपाशी टाका," तो म्हणाला.

मामा फाटकापाशी गेले. लोकांनी बैल बाजूला घेतले. मामांनी पायानं मातीची लहानशी ढेपली केली, तिच्यावर चेंडू ठेवला आणि रिकामे हात सुरू केले. "मामा, हवेला मारायलाव का?" कुणीतरी ओरडलं. मामांनी लक्ष दिलं नाही. दोरीच्या अलीकडं आणि माळावर घालवलेली सगळी वर्षं मामांनी ज्याला टाळलं, तो सामना आज त्यांच्यापुढं उभा होता, आणि त्यात चेंडू एकच होता. मामांनी बांबूकडं पाहिलं, मान खाली घातली आणि मारला.

टॉक. चेंडू बैलगाड्यांच्या रांगेवरून उंच गेला, उतरला आणि गंजीत गडप झाला. आवाजसुद्धा आला नाही. सगळ्या यार्डात एकदम शिट्ट्या सुरू झाल्या.

"बरं, लांब जातो हे पटलं," ग्रेडर म्हणाला. "काढा रे तो बाहेर."

हमाल गंजीवर चढले. बांबूच्या भोवती कापूस उपसला, हातांनी चाचपला, चेंडू नाही. आणखी चार जण चढले. मग ग्रेडर स्वतः चढला आणि बुटांसकट गुडघ्यापर्यंत रुतला. चेंडू नाही. "सगळ्यांनी पाहिलाय की आत जाताना!" तो वैतागून म्हणाला.

तेव्हा सोपानराव पहिल्यांदा बोलले. गाडीपाशी उभे राहूनच, मान वर करून म्हणाले, "सायेब, आता तुमच्या कापसात चेंडू हाय. तुमी टाकलाव का?"

ग्रेडर तसाच उभा राहिला. गुडघाभर कापसात, हातात कापसाचे पुंजके. मग तो हसायला लागला. मोकळा, पोरासारखा हसला आणि म्हणाला, "नाही हो सोपानराव. मी नाही टाकला. तुम्हीही नाही टाकला." त्यानं हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. सोपानरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि माझेही डोळे भरून आले.

पण चेंडू शोधायलाच हवा होता, नाहीतर तो जिनिंगमध्ये जायचा. आता शेतकरीही गंजीवर चढले. सगळे बांबूभोवतीच उकरत होते, कारण मामा खालून ठामपणे सांगत होते, "बांबूच्या बुडाशीच हाय." बराच वेळ झाला. मामांचा आवाज हळूहळू उतरत गेला. त्यांनी एकदा आभाळाकडं पाहिलं. यार्डाबाहेरच्या हॉटेलातल्या भट्टीचा धूर सरळ काठीसारखा वर चालला होता. मामा त्या धुराकडं बघत राहिले. मग घसा खाकरून, सगळ्या यार्डासमोर, म्हणाले,

"डावीकडं बघा. माझा चेंडू डावीकडं जातो."

सोपानराव गंजीवर चढले, डावीकडं चार हात सरकले, कोपरापर्यंत हात घातला आणि चेंडू काढला.

परतताना आम्ही तिघं रिकाम्या गाडीत होतो. दिवस कलला होता. सोपानराव एरवी गप्प राहणारे, पण त्या संध्याकाळी त्यांना राहवत नव्हतं. "मामा, बांबूच्या बुडाशी पडला आसता तर हमालानं तवाच उचलला आसता. सायेब म्हनला आसता, ह्यो तर लगेच दिसतोय, मंग तुमच्या बायकांला कसा दिसला न्हाई? लय ब्येस झालं डावीकडं गेला."

मी मामांकडं पाहिलं. वाटलं, खूश होतील. पण ते दोन्ही मनगटं समोर धरून त्यांच्याकडं निरखून बघत होते. "हे उजवं लवकर वळतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं वाऱ्याच्या नावावर खपवलं, म्हणून कधी बघितलंच न्हाई. सोपान, गाडी थांबव."

माळ आला होता. मामा काठी घेऊन खाली उतरले. मला म्हणाले, "बाई, घरी सांगा, उशीर होईल." गुडघे कुरकुरत होते तरी चालण्यात तरुणाची घाई होती. ढेपली करून त्यांनी खिसे चाचपले आणि त्यांच्या लक्षात आलं की चेंडू नाही. तो सोपानरावांकडंच राहिला होता.

सोपानरावांनी कासरा माझ्या हातात दिला आणि तेही उतरले. चेंडू मातीच्या ढेपलीवर नीट बसवून ते गाडीवाट ओलांडून आपल्या कापसाच्या कडेला जाऊन उभे राहिले, आणि तिथून त्यांनी हाक दिली.

"मारा मामा. मी डावीकडं हाय."